पाठमोऱ्या माणसाचा सिनेमा

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत दिलबहार टॉकीज होतं. त्याला दोन दारं. रस्त्यावरचं मोठं दार पुरुषांचं आणि गल्लीतलं निळं, बुटकं दार बायकांचं. त्या बुटक्या दारात सारजाबाई उभी असायची. अंगानं काटक, आवाजानं खणखणीत, कमरेला दाराची किल्ली खोचलेली आणि हातात पितळेची लांबलचक बॅटरी. तिकीट फाडायचं, बाईला बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायची आणि खेळ सुरू झाला की दाराला आतून कुलूप घालायचं, हे तिचं काम. एकदा कुलूप लागलं की खुद्द मालकालाही जनाना क्लासात पाऊल टाकता येत नसे. कुणाचा नवरा बायकोला न्यायला आला तर तो गल्लीत उभा राहून हाका मारी आणि सारजाबाई आतूनच ओरडे, "इंटरव्हलला या!"

जनाना क्लास म्हणजे बाल्कनीचा डावीकडचा तुकडा. बाजूला फळ्यांची आडभिंत, पुढे लाकडी कठडा आणि कठड्यावर लोखंडी दांडीला अडकवलेला जाड हिरवा पडदा. दिवे असेपर्यंत पडदा ओढलेला. दिवे गेले की सारजाबाई तो सरकवायची आणि बुरख्यातल्या बायका तोंडावरची जाळी वर करून बसायच्या.

सारजाबाई मूळची पैठणकडच्या एका खेड्यातली. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली तिचा नवरा बैल विकायला म्हणून जालन्याकडे गेला, तो परत आला नाही. कुणी म्हणे मारला, कुणी म्हणे पळाला. ह्या बाईनं कुंकू लावावं की पुसावं हे गावाला ठरवता येईना, तेव्हा एका सकाळी तिनंच ते पुसलं, आणि पांढऱ्या पायाची म्हणून सासऱ्यानं हाकलायच्या आत आपण होऊन औरंगाबादचा रस्ता धरला. पहिली काही वर्षं उस्मानपुऱ्यात घरोघरची भांडी घासली. भांड्यांबरोबर त्या घरांतली दखनी जबानही तिच्या हाताला लागली. पुढे टॉकीजच्या मालकाला, मजीदसेठच्या वडिलांना, जनान्याच्या दारावर बाई हवी होती. ती दारात उभी राहिली, आणि वडील गेले, मुलगा गादीवर बसला, तरी सारजाबाई दारातच होती.

पण बायका दिलबहारला यायच्या त्या सारजाबाईचं दार बघायला नव्हे. सारजाबाई सिनेमा सांगायची. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बायकांना हिंदी कळत नसे. त्यांच्या बाकांमधून फिरत ती हिंदीचं मराठी करून द्यायची. मराठी खेळ लागला की शहागंजच्या बायकांना त्याचं दखनी करून. "ह्यो तिचा सख्खा भाऊ हाय, पण तिला ठाऊक नाय. आता बघा कसा रडंल." आणि तो रडायचाच. कारण दर गुरुवारी संध्याकाळी नवा सिनेमा आला की ऑपरेटर मुख्तार रिळं तपासायला तो एकदा चालवून बघे आणि रिकाम्या थिएटरात सारजाबाई एकटी बसून सगळा डोक्यात भरून घेई. शुक्रवारपासून ती तयार. एखादं रीळ मधेच तुटलं आणि तुकडा गहाळ झाला तर तेवढी जागा ती स्वतःच्या पदरची गोष्ट घालून बुजवायची, आणि ती खऱ्यापेक्षा सरस निघायची. बाईनं काही विचारलं आणि सारजाबाईनं "मला ठाऊक नाय" म्हटलं, असं कधी घडलं नव्हतं. त्याचा तिला ताठा होता, आणि तो तिनं लपवलाही नाही.

खालचे पुरुष कधी ओरडायचे, "ए मावशी, हळू!" पण सिनेमात गाणी, घोडे, मारामारी, रडारड एवढी असायची की तिचा आवाज त्यातच मिसळून जाई.

दुष्काळ सरला त्या वर्षी, उन्हं तापायला लागली तेव्हा, द्वारका आली. बाराच्या खेळाला एकटीच. डोळा सुजून मिटलेला, डाव्या कानात रक्ताची खपली, ओठ फाटलेला. खेळ संपला, बायका उठल्या, ही उठेना.

"मावशी, अजून एक खेळ बसू द्या."

"तिकीट?"

"नाय माझ्याजवळ."

सारजाबाईनं बॅटरी तिच्या तोंडावर धरली आणि लगेच खाली केली. कुणी मारलं हे विचारायची गरज नव्हती. कशानं, तेवढं विचारलं. जुवातली लाकडी शिवळ काढून मारलं होतं. नवऱ्याचं नाव सांडू. बिडकीनजवळच्या वस्तीवर राहायचा. अंगानं रेडा, कामाला वाघ आणि दारू न पिताही मारायचा, म्हणून लोक म्हणायचे की बाईचंच काहीतरी चुकत असेल. मागच्या खेपेला ती माहेरी गेली होती. तेव्हा त्यानं तिच्या भावाच्या गोठ्यात शिरून बैलाच्या मागच्या पायांच्या शिरा कोयत्यानं तोडल्या आणि सांगून गेला, पुढच्या वेळी भावाच्या तोडीन. त्यामुळे माहेर बंद.

"अन् हितं कशी आलीस?"

"बाया बोलत्यात, हितं बाप्याला येऊ देत नाईत."

सारजाबाईनं तिला ठेवून घेतलं. दिवसभर द्वारका जनाना क्लासच्या मागच्या बाकावर बसायची आणि शेवटच्या खेळानंतर जिन्याखालच्या सारजाबाईच्या खोलीत झोपायची. सेठला सांगितलं, भाची आहे. मजीदसेठ पान चघळत म्हणाला, "सारजाबाई, तुम्हारी भांजियां बहोत हो गयीं." पण नको म्हणाला नाही. द्वारकेचा डावा कान गेला तो गेलाच. बोलताना तिचा आवाज आपोआप मोठा व्हायचा आणि आपण ओरडतोय हे तिला कळत नसे.

महिनाभरानं तो सिनेमा आला.

बनवणारा होता बिडकीनकडच्या एका बड्या जमीनदाराचा मुलगा. नाव काकासाहेब असलं तरी वय जेमतेम सव्वीस. पुण्याला राहून सिनेमाचं शिक्षण घेतलं, दाढी वाढवली, आणि घरच्यांच्या मागे लागून थोड्याशा पैशांत, गावातल्याच माणसांना घेऊन त्यानं चित्र उतरवलं. पोस्टरवर एक रिकामी बाज आणि खाली त्याचं नाव. मजीदसेठनं एका शुक्रवारी बाराचा खेळ दिला तो त्याच्या वडिलांच्या शब्दाखातर. रिळांचे डबे गुरुवारी आलेच नाहीत. शुक्रवारी साडेअकराला एसटीच्या टपावरून उतरले आणि थेट मुख्तारच्या केबिनमध्ये गेले. सारजाबाईनं आधी न पाहिलेला सिनेमा जन्मात पहिल्यांदा तिच्या दारात उभा राहिला.

तिला त्याची काळजी वाटायला वेळ मिळाला नाही. अकरापासूनच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, दोन ट्रक येऊन रस्त्यावर उभे होते. सगळा मुलूख लोटला होता. शूटिंगच्या वेळी ह्या लोकांनी नवे फेटे बांधून चार-चार दिवस उन्हात उभं राहून काम केलं होतं. आता स्वतःला बघायला आले होते. म्हाताऱ्यांना खांद्यावर बसवून आणलं होतं. गल्लीच्या दारातून शिरणाऱ्या बायकांतली एक, सरूबाई नावाची, तिकीट पुढे करत सारजाबाईला म्हणाली, "लई मोठा पिच्चर हाय मावशी. आमच्या वस्तीवरचा सांडू हिरो हाय त्यात. हार घालून आणलाय त्येला."

सारजाबाईच्या हातातलं तिकीट फाटायचं राहिलं.

द्वारका आत मागच्या बाकावर बसलेली होती. तिला बाहेर काढायचं तर वाट ह्याच गल्लीतून, आणि गल्ली बिडकीनच्या माणसांनी ठासून भरलेली. सारजाबाई धावत वर गेली. मागच्या कोपऱ्यात शमशाद आपा पानाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. जरीवाल्याची विधवा, दर शुक्रवारची गिऱ्हाईक, जिभेनं कात्री. सारजाबाई तिच्या कानाशी लागली. शमशाद आपानं अंगावरची काळी ओढणी काढून द्वारकेच्या डोक्यावरून टाकली, तिला भिंतीकडे सरकवलं आणि म्हणाली, "बैठ. मेरी बहू है तू. गूंगी है."

दिवे गेले. सारजाबाईनं पडदा सरकवला.

समोर सिनेमाच्या पडद्यावर माळ होता. करडा, रिकामा. खूप वेळ नुसता माळ. मग एका कडेनं एक माणूस आला, पाठमोरा, उघडा, खांद्यावर दोर घेतलेला. दोराला एक बाज बांधलेली. तो बाज ओढत चालला. बाजेचे पाय दगडांवर खडखडत होते. तेवढाच काय तो आवाज. तो चालतच राहिला.

"काय करायलाय गं त्यो?"

"बाज ओढायलाय."

"कुठं न्यायलाय?"

"मावशी, सांग की!"

खालून शिट्टी आली. मग दहा शिट्ट्या. "मुख्तार, रीळ उलटं लावलंस का रं?" "गाणं! गाणं लाव!" मजीदसेठ धावत केबिनच्या जिन्याशी आला. "मुख्तार, आवाज खोलो!"

"खुलाच है सेठ. पिच्चरमेच नै है."

मग एक बाई जात्यावर बसलेली दिसली, तीही पाठमोरी. जातं फिरत होतं, पण त्यात दाणे नव्हते आणि खाली पीठ पडत नव्हतं. मग पुन्हा तो माणूस, पुन्हा बाज. मग गाव गोळा झालेलं. लोक बाकांवर उभे राहिले, कारण हाच तो दिवस, हेच ते नवे फेटे. पण काकासाहेबानं सगळ्यांच्या पाठी घेतल्या होत्या. पाठी आणि पाय.

"ह्ये पाय माझे! ह्यो जोडा माझा!" एक म्हातारा आनंदानं ओरडला. मग थोडा थांबून, "अन् वर कुठाय मी?"

वर तो नव्हता. कुणीच नव्हतं. लोकांच्या आधी लक्षात आलं नाही, मग एकदम आलं. "आमची तोंडं कुठायत?" "चार दिस उन्हात उभं केलं, ते पाठी दाखवाया?" "आम्ही काय गुरं हाव का?" पुढच्या बाकांवरून भुईमुगाची टरफलं, मग चपला पडद्याकडे उडायला लागल्या. आणि मग साऱ्यांना हिरो आठवला. सांडू गळ्यात हार घालून मधोमध बसला होता.

"सांडू, तोंड दाखव की रं!"

"बायकू पळाली म्हणून लाज वाटायली व्हय त्येला?"

थिएटर हसलं. सांडू हसला नाही. त्यानं हार काढून पायाखाली टाकला.

वर जनाना क्लासात सारजाबाई बाकांमध्ये उभी होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. बायका तिच्या लुगड्याला ओढत होत्या. "कोण गं ती जात्यावरची? बहीण का बायकू?" "पीठ का पडंना?" "आज तुझी दातखीळ बसली व्हय मावशी?" आणि सरूबाई खदखदून हसत म्हणाली, "जाऊ द्या गं, तिला बी कळंना झालंय!"

ते तिला लागलं. चारचौघींत थोबाडीत बसावी तसं लागलं. तेवढ्यात मागून द्वारकेचा हात आला आणि तिच्या मनगटाला घट्ट बसला. ओढणीच्या आतून द्वारका म्हणाली, "मावशी, ही पाठ त्येचीच हाय. त्यो खांद्यावरचा वण मी चावल्याचा हाय."

सारजाबाईनं वर बघितलं. आणि गोष्ट तिच्या तोंडात आयती येऊन बसली.

"ऐका," ती म्हणाली. "ह्या गड्याचं तोंड का नाय दाखवत? दाखवायजोगं राह्यलं नाय म्हणून. लई मारायचा बायकूला. एक दिस शिवळेनं हाणली. कानातून रगत आलं तिच्या." बायकांनी तिचं लुगडं सोडलं. तिला बरं वाटलं. आवाज चढला, कारण खाली अजून गोंधळ होता. "मग ती गेली. ही रिकामी बाज तिची. ती घेऊन गावोगाव हुडकायलाय बघा, बैलावानी."

ह्याच वेळी पडद्यावर ती पाठ मोठी होत गेली. इतकी मोठी की पडदाभर नुसती कातडी, घाम आणि माशा. खडखडाट बंद झाला. पाठीचा एक खांदा हलला, वळायला लागला. खाली कुणीतरी म्हणालं, "वळायलाय! गप बसा, वळायलाय!" आणि हजार माणसांचा श्वास अडकला. शिट्टी थांबली. चपला हातात राहिल्या. सिनेमात गाणं नव्हतं, घोडे नव्हते, रडणं नव्हतं. साऱ्या दिलबहारमध्ये एकच आवाज उरला.

"मग ती हाय कुठं म्हणता? ती बसलीय पडद्याआड, बायकांत, मस्त शेंगा खात. अन् ह्यो मरस्तोवर बाज ओढणार!"

खांदा वळला नाही. पाठ पुन्हा चालायला लागली.

मग खालून एकजण म्हणाला, "सांडू, ती मावशी तुझीच गोष्ट सांगायली बघ!" आणि आधी कधी हसलं नव्हतं तसं थिएटर हसलं. सांडू उभा राहिला. मुख्तारच्या केबिनमधून येणारा उजेड त्याच्या डोक्यावर पडला आणि पडद्यावर त्याच्याच पाठीच्या मधोमध त्याच्या डोक्याची काळी सावली उमटली. त्यानं मान वर केली. हिरवा पडदा बघितला.

आधी त्यानं हसणाऱ्याचं तोंड फोडलं. खुर्चीचा लाकडी हात उपटून असा मारला की त्या माणसाचा खालचा ओठ हनुवटीपर्यंत फाटला. फाटलेल्याचे भाऊ उठले. सांडूचे दोस्त उठले. आणि ज्यांचा ह्या भांडणाशी काही संबंध नव्हता, पण ज्यांच्या पाठीच फक्त दिसल्या होत्या, ते सगळे उठले. खुर्च्यांचे लोखंडी सांगाडे जमिनीतून उपटले गेले. सोड्याच्या बाटल्या भिंतीवर, खांबांवर, कपाळांवर फुटल्या. एकाचं डोकं दोन बाकांच्या मधे धरून दुसरा लाथा घालत होता. कुणाचा म्हातारा बाप खाली पडला आणि त्याच्या अंगावरून माणसं धावली. काकासाहेब पडद्यापुढे हात वर करून उभा होता, रडवेल्या आवाजात ओरडत होता, "थांबा हो! शेवट बघा! शेवटी तो वळतो!" एक बाटली त्याच्या भुवईवर फुटली. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, आणि त्याच्याच गावच्या लोकांनी त्याला दाढीला धरून बाहेर ओढत नेलं.

मुख्तारनं केबिनचं दार आतून लावून घेतलं होतं. भीतीनं मशीन बंद करायचं त्याला सुचलं नाही. सिनेमा चालूच होता.

सारजाबाई दाराकडे धावली, पण किल्ली कुलपात घालायच्या आतच तिला मागे किंकाळ्या ऐकू आल्या. दोस्ताच्या खांद्यावर पाय देऊन सांडूनं खालून हिरवा पडदा धरला होता आणि त्याला लोंबकळत तो वर येत होता. दांडी कडाडली, पडद्यासकट निखळून आत पडली, पण तोवर त्याचा हात कठड्यावर आला होता. कठडा करकरला. सांडू आत आला.

बायका भिंतीला चिकटल्या. ओढणी घसरली आणि सरूबाई किंचाळली, "अगं बया, द्वारकी!"

सारजाबाई मधे आली. आपण काय केलं ते तिला एव्हाना पुरतं कळलं होतं. तिनं बॅटरी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कानशिलावर घातली. काच फुटली, सेल घरंगळले. त्याला काही झालं नाही. त्यानं हातातलं लाकूड तिच्या तोंडावर मारलं. पुढचे दात तिच्या जिभेवर आले. दुसरा घाव अडवायला तिनं हात वर केला तेव्हा दोन बोटं मोडली. ती पडली. तो तिच्या छातीवर गुडघा देऊन बसला. "सांग गोष्ट! सांग की पुढची, रांडे!" म्हणत मारत राहिला. शमशाद आपानं पानाचा पितळी डबा त्याच्या मानेवर आपटला. त्यानं नुसतं कोपर मागे मारलं आणि आपा बाकांत जाऊन पडली.

द्वारका उभी होती. ह्या माणसापुढे तिचे पाय कधी हललेच नव्हते, आजही हलले नाहीत. तिनं समोर बघितलं. भिंतीएवढ्या पांढऱ्या कापडावर ती पाठ चालली होती, आणि दोन पावलांवर तीच पाठ सारजाबाईवर वाकून वरखाली होत होती. तोच वण, तोच घाम. तिच्या पायाशी हिरव्या पडद्यात गुंडाळलेली दांडी पडली होती.

तिनं ती उचलली आणि त्या पाठीवर मारली. ओल्या गोणीवर मारावं तसा आवाज झाला. तो थांबला. तिनं पुन्हा मारलं, कण्यावर. तो उठला, आणि वळला. तिला त्याचं तोंड दिसलं. आश्चर्यानं उघडं राहिलेलं, लहान मुलासारखं. तिनं त्या तोंडावर मारलं. नाक आत गेलं. तिच्या हातातल्या बांगड्या एकेक फुटून मनगटात रुतल्या, तरी ती मारत होती आणि कर्कश आवाजात काहीतरी ओरडत होती. काय ते कुणालाच कळलं नाही, बहुधा तिलाही नाही. तो मागे सरकला. पाठ कठड्याला लागली. ज्या फळीला धरून तो वर आला होता ती फळी आधीच खिळ्यांतून सुटली होती. ती गेली, आणि तिच्याबरोबर तो खाली, उलट्या पडलेल्या खुर्च्यांच्या लोखंडी पायांवर.

शमशाद आपानं उठून आधी दांडी पडद्याच्या कापडानं पुसली. मग सारजाबाईच्या कमरेची किल्ली काढून दार उघडलं.

पोलिसांनी लाठ्या चालवून थिएटर रिकामं केलं. बाहेर अंगणात लोकांनी रिळं काढून पेटवली होती. ती धड पेटत नव्हती, वितळत होती, आणि त्यांचा काळा, घाणेरडा धूर औरंगपुऱ्यावर संध्याकाळपर्यंत राहिला. कित्येकांची डोकी फुटली, हात मोडले. सांडू सरकारी दवाखान्यात दोन दिवस घरघरला आणि तोंडातून शब्द न काढता मेला. वस्तीवरच्या बायका द्वारकेच्या बांगड्या फोडायच्या म्हणून आल्या, तर फोडायला एकही उरली नव्हती. मनगटावर खपल्या होत्या.

सरूबाईनं फौजदाराला जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं. द्वारका तिथं होती, आणि सारजाबाई तिचीच गोष्ट सांगत होती. मारताना बघितलं का, तर नाही, तेव्हा तिनं डोळे मिटले होते. फौजदारानं शमशाद आपाला विचारलं. ती म्हणाली, "मैं तो बुरखे में थी साब, मेरेको क्या दिखता?" मग तो स्वतः जिन्याखालच्या खोलीत आला. सारजाबाईच्या तोंडाला फडकं बांधलेलं, मोडक्या बोटांना बांबूच्या खपच्या. दारात मजीदसेठ उभा आणि फौजदारामागे एक शिपाई.

"तुझं नाव आहे बाई गावात," फौजदार म्हणाला. "प्रत्येक सिनेमाची गोष्ट तुला येते. ही पण सांगत होतीस. त्यानं बायकोला मारलं, ती पळाली, पडद्याआड लपली. सगळ्या थिएटरनं ऐकलंय. म्हणजे ती कोण, तो कोण, तुला ठाऊक होतं. त्याला मारायला तिला कारण होतं. आता पुढची सांग."

कोपऱ्यात द्वारका पाठ भिंतीला लावून बसली होती, उजवा कान पुढे करून.

सारजाबाईनं फडकं सोडलं. जीभ दातांच्या रिकाम्या जागेत अडकत होती.

"साहेब, मला त्यो पिच्चर कळलाच नाय."

"काय?"

"नाय कळला. गुरुवारी बघाया मिळाला नव्हता. बाया हसायल्या, म्हणून मनाचं सांगितलं. खोटं सांगितलं. त्यात तसलं काय बी नव्हतं."

"मनाचं?"

"आजवर लई बारी मनाचंच सांगत आले साहेब. अर्धं बघायचं, अर्धं मनाचं. विचारा कुणालाही."

फौजदारानं तिच्याकडे रोखून बघितलं. मागचा शिपाई खाकरला. "साहेब, बाई खरं बोलती. बंदोबस्ताला मी व्हतो आत. काय बी कळत नव्हतं. एक माणूस बाज ओढायलाय, बस्स."

"तुला विचारलं का?" फौजदार खेकसला, आणि मग सारजाबाईला, "ही भाची कुठं होती?"

"माझ्याजवळ. बाकाखाली."

"मग तो पडला कसा?"

"कठडा सडला व्हता. सेठला दहांदा सांगितलं व्हतं."

मजीदसेठनं तोंडातलं पान गिळलं. "हौ साब," तो म्हणाला. "कठडा मेरा सडेलाच था."

सेठला त्या कठड्यापायी कोर्टाच्या खेपा घालाव्या लागल्या. पुढे कधी त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

दिलबहार पुन्हा सुरू झालं तेव्हा सिनेमाच्या फाटलेल्या पडद्याला मधोमध शिवण होती आणि प्रत्येक नटाच्या तोंडावरून ती जायची. नवा कठडा, नवी दांडी, नवी बॅटरी. जनान्याचा पडदा मिळेल त्या कापडाचा, तपकिरी. पण फौजदारापुढचं बोलणं जिन्याखालच्या खोलीत राहिलं नव्हतं. "मावशी मनाचंच सांगती म्हणं," बायका एकमेकींना म्हणायच्या. सारजाबाईनं काही सांगायला तोंड उघडलं की एखादी हळूच विचारायची, "खरं का गं, का आपलं असंच?" दात गेल्यामुळे शब्दही फुसफुसत बाहेर पडायचे. तिनं सांगणं सोडलं. तिकीट फाडायची, जागा दाखवायची, कुलूप लावायची आणि दाराशी बसून राहायची.

एका बाजारच्या दिवशी खेड्यांतल्या बायकांनी क्लास भरला होता. हिंदी खेळ होता, आणि सारजाबाईनं तो गुरुवारी नीट बघितला होता, सवयीनं. पडद्यावर एक म्हातारी आली. नायक तिच्या पाया पडला.

"ही कोण गं?" पुढची एक बाई अंधारात म्हणाली.

बाईनं पुन्हा विचारलं. मग मागून, शेंगांची पाटी घेऊन पायरीवर बसलेल्या द्वारकेचा आवाज आला. साऱ्या थिएटरला ऐकू जाईल एवढा.

"त्येची सासू हाय! लई खाष्ट हाय! आता बघा त्येला घराबाहीर काढती का नाय!"

ती त्याची आई होती. सारजाबाईनं तोंड उघडलं.

खालून पुरुष ओरडले, "ए, वर कोण बोंबलायलंय? आवाज बंद!" पण आडव्या बसलेल्या द्वारकेचा गेलेला डावा कान त्यांच्याकडे होता. तिला काही ऐकू गेलं नाही. ती पुढचं सांगायला लागली होती, आणि बायका तिच्याकडे सरकून बसत होत्या.

सारजाबाईनं तोंड मिटलं. दारावर कुणी उशिरा आलेली थाप मारत होती. ती बॅटरी घेऊन उठली.